खाडा मांडण्याचा अधिकार

भोकरदन तालुक्यातल्या हसनाबादच्या शिवारात रोजगार हमीचं सार्वजनिक काम निघालं, की मजुराची हजेरी आता मोबाइलमध्ये लागते. केंद्र सरकारने मे 2021 मध्ये नॅशनल मोबाइल मॉनिटरिंग सिस्टिम हे ॲप आणलं आणि 1 जानेवारी 2023 पासून वैयक्तिक लाभाची कामं सोडून बाकी सगळ्या कामांवर ते सक्तीचं केलं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो काढायचा, दोन फोटोंमध्ये चार तासांचं अंतर ठेवायचं. वेळ आणि ठिकाण फोटोबरोबर आपोआप नोंदलं जातं. बाई सकाळी कामावर आली, तिने दिवसभर मुरूम खोदला, टोपल्या वाहिल्या, पण दुपारी रेंज गेली आणि दुसरा फोटो वर चढलाच नाही, तर मस्टरवर तिचा खाडा पडू शकतो. तिच्या शेजारी उभी असलेली दुसरी बाई साक्षीला आहे, मुकादम साक्षीला आहे, खणलेला खड्डा तर डोळ्यांसमोर आहे. तरीही हा खाडा खोडण्याचा अधिकार त्या जागेवर कोणाकडेच नाही. अपवाद म्हणून हाताने हजेरी भरण्याची मुभा ठेवली गेली, तीही जिल्ह्याच्या पातळीवर. कामगार व्यवस्थापनात कृत्रिम बुद्धिमत्ता किती आणि माणसाचा विवेक किती, ही चर्चा मोठ्या शहरांतल्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत चालते. तिचा गाभा मात्र या एका खाड्यात आहे. दुसऱ्याने केलेल्या श्रमाबद्दल ‘झाले’ किंवा ‘झाले नाहीत’ असा निवाडा देण्याचा अधिकार कोणाला पोहोचतो? हा प्रश्न यंत्रशास्त्राच्या आधी धर्मशास्त्राचा आणि नीतीचा आहे, आणि म्हणून त्याचं उत्तरही तिथेच शोधायला हवं.

यंत्र इथे उगाच आलेलं नाही, हे आधी मान्य करायला हवं. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर परिसरात तिचा पहिला प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर गेली, 1977 मध्ये तिचा कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम, हे वचन देणारा तो कायदा होता. पण त्याच योजनेच्या पोटात बोगस मस्टरही जन्माला आलं. कधी कामावर न आलेल्यांची नावं, कधी गाव सोडून गेलेल्यांची नावं, कधी मेलेल्यांचीही. मोजमाप पुस्तिकेत मऊ मातीचा मुरूम व्हायचा आणि मुरमाचा खडक, आणि त्या फरकाचे पैसे मजुरापर्यंत न पोहोचता वाटेतच जिरायचे. इथे माणसाचा विवेक होता, फक्त तो विकला गेला होता. त्यामुळे ‘यंत्र निर्दय आणि माणूस दयाळू’ अशी मांडणी जो करतो, त्याने रोजगार हमीचा इतिहास वाचलेला नाही. फोटोवर वेळेचा शिक्का उमटू लागला तेव्हा पुष्कळ मजुरांनाही बरं वाटलं असेल, आणि त्यात काही चूक नव्हती.

पण पुढे काय झालं तेही पाहू. जुलै 2025 मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्यांना एक पत्र पाठवलं आणि या ॲपचा गैरवापर कसकसा होतो याची यादीच त्यात दिली. कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जातात. आधीच्या फोटोचाच पुन्हा फोटो काढला जातो. फोटोतली माणसं आणि मस्टरवरची संख्या जुळत नाही. नोंद स्त्रियांची आणि फोटोत पुरुष असंही होतं. दुपारचा फोटो कित्येकदा चढवलाच जात नाही. उपाय काय सांगितला? ग्रामपंचायतीच्या पातळीवर प्रत्येक फोटो माणसाने तपासावा, आणि त्यातले काही वरच्या पातळ्यांवर पुन्हा तपासावेत. म्हणजे माणसावर विश्वास नाही म्हणून यंत्र आणलं, आणि यंत्राला फसवता येतं असं दिसल्यावर माणसाला परत बोलावलं. पण परत आलेल्या माणसाची जागा बदललेली आहे. पूर्वी तो कामावर जाऊन मजुराला पाहू शकत होता. आता त्याने मजुराचा फोटो पाहायचा आहे. त्याला फसवणूक पकडण्याचं काम मिळालं, न्याय देण्याचा अधिकार काही मिळाला नाही. चोर आणि प्रामाणिक मजूर दोघंही त्याच्या पडद्यावर सारखेच दिसतात. चोराला युक्ती ठाऊक असते, रेंज गेल्यामुळे अडकतो तो प्रामाणिक माणूस. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त खुपतं ते हेच.

माणसाची पारख लक्षणांवरून करावी की नाही, या प्रश्नावर याच जालना जिल्ह्याच्या मातीत एक मोठा विचार झालेला आहे. समर्थ रामदासांचा जन्म 1608 चा, घनसावंगी तालुक्यातल्या जांब गावचा. घराणं कुलकर्ण्यांचं, म्हणजे गावाची दफ्तरं आणि हिशेब सांभाळणारं. नोंद म्हणजे काय आणि नोंदीत माणूस किती मावतो, हे त्या घरात सांगायला नको होतं. त्यांच्या दासबोधात लक्षणांच्या याद्याच याद्या आहेत. दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांचा, दुसरा उत्तमलक्षणांचा, दहावा पढतमूर्खाचा. वरवर पाहिलं तर हे आजच्या संगणकी गाळणीचंच जुनं रूप वाटेल: इतकी लक्षणं जुळली की हा मूर्ख, तितकी जुळली की तो उत्तम. पण समर्थ या याद्यांचा जो उपयोग सांगतात तो अगदी उलट्या दिशेचा आहे. मूर्खलक्षणं सांगून झाल्यावर ते कबूल करतात की लक्षणांना अंत नाही, आपण थोडीशीच सांगितली, आणि सांगितली ती टाकून देण्यासाठी. यादी ऐकणाऱ्याने स्वतःला लावून पाहायची आहे. शेजाऱ्यावर शिक्का मारायला ती दिलेली नाही. आणि लक्षणं अपार आहेत हे एकदा मान्य केलं, की कोणत्याही यादीला शेवटचा शब्द बोलण्याचा अधिकार उरत नाही. पढतमूर्खाचा समास तर यादीवाल्यांसाठी इशाराच आहे. ज्याच्यात विद्वत्तेची सगळी चिन्हं दिसतात तो माणूसही मूर्ख असू शकतो, म्हणजे चिन्हं सगळी बरोबर आणि निष्कर्ष तेवढा चुकीचा. भरतीच्या अर्जांवर आज जे गणित चालतं त्यात हा समास कोणी वाचलेला दिसत नाही.

असा चुकीचा निष्कर्ष नेमका कुठून येतो, हे न्यायदर्शनाने फार नेमकेपणाने सांगून ठेवलंय. जिथे धूर तिथे अग्नी, हे अनुमान खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे खरं नाही, कारण धुरासाठी ओलं सरपण लागतं. ओलं सरपण ही इथली उपाधी, म्हणजे नजरेआड राहिलेली अट. दोन गोष्टी शंभर वेळा बरोबर दिसल्या तरी उपाधी तपासल्याशिवाय व्याप्ती, म्हणजे त्यांचा न चुकणारा संबंध, सिद्ध होत नाही, असा नैयायिकांचा आग्रह आहे. आजची यंत्रं ज्या रीतीने शिकतात ती रीत साहचर्याची आहे. हजारो जुन्या निर्णयांत काय काय बरोबर आढळलं ते ती शोधतात आणि त्यालाच नियम मानतात. उपाधी शोधणं त्यांना शिकवलेलं नसतं. ॲमेझॉन कंपनीने 2014 पासून अर्ज छाननीचं असं एक यंत्र घडवायला घेतलं होतं. आधीच्या दहा वर्षांच्या अर्जांवरून ते शिकलं. ते अर्ज बहुतेक पुरुषांचे होते, म्हणून यंत्राने पुरुष बरे असा धडा घेतला, आणि ज्या अर्जात स्त्रियांच्या संघाचा किंवा महिला महाविद्यालयाचा उल्लेख असेल त्याला ते खाली ढकलू लागलं. कंपनीला ते यंत्र सोडून द्यावं लागलं. 2018 मध्ये ही हकिकत जगाला कळली. तिथली उपाधी होती त्या धंद्यात स्त्रियांना आधीच मिळालेली कमी संधी. यंत्राला ती दिसली नाही आणि त्याने जुना अन्याय गुणवत्ता म्हणून पुढे चालवला.

हेच हसनाबादला लावून पाहा. इथला आयटीआय झालेला एखादा तरुण वाळूजला किंवा चाकणला अर्ज करतो. त्याच्या अर्जात 2012 ते 2013 हे वर्ष रिकामं आहे. छाननीच्या यंत्राला ते ‘खंड’ म्हणून दिसतं, आणि खंड असलेली माणसं टिकत नाहीत असं त्याने जुन्या नोंदींवरून ताडलेलं असू शकतं. पण समोर जालन्याचा कोणीही माणूस बसला असता, तर त्याने वर्ष वाचूनच मान हलवली असती. 2012-13 चा दुष्काळ या जिल्ह्याने जसा सोसला तसा फार थोड्यांनी सोसला. जालना शहर टँकरच्या पाण्यावर तगलं, शिवारातल्या मोसंबीच्या बागा उभ्या जळाल्या. त्या वर्षी घरी राहिलेला मुलगा आळशी होता की जनावरं आणि म्हातारे आईबाप सांभाळत होता, हे विचारायला लागतं. आणि विचारायचं तर आधी तो प्रश्न सुचला पाहिजे. ज्याला प्रश्न सुचतो तोच निवाड्याच्या आसनावर शोभतो. यंत्र एखाद्याच्या अर्जातला असा खंड मिनिटभरात शोधून काढील आणि ते त्याने जरूर करावं. पण त्या खंडाचा अर्थ लावण्याचं काम ज्याने दुष्काळ ऐकला, पाहिला किंवा निदान समजून घेतला, त्याच्याकडेच राहिलं पाहिजे.

आता आक्षेपांकडे येतो. पहिला आक्षेप नियमांच्या बाजूने आहे, आणि त्याचं उदाहरण प्रत्येक गावच्या जिल्हा परिषद शाळेत सापडेल. शिक्षकांच्या बदल्या हा वर्षानुवर्षं वशिल्याचा बाजार होता. 27 फेब्रुवारी 2017 च्या शासन निर्णयाने तो मोडायचा ठरवलं. बदल्या संगणकावरून होऊ लागल्या; गंभीर आजारी, दिव्यांग, विधवा यांच्यासाठी विशेष संवर्ग भाग 1, पती-पत्नी एकत्रीकरणासाठी भाग 2, अवघड क्षेत्रात काम केलेल्यांसाठी वेगळा हक्क. ही कृत्रिम बुद्धिमत्ता नव्हे, साधी नियमावलीच. पण माणसाच्या हातातून निर्णय काढून घेण्याचा तो राज्यातला फार मोठा प्रयोग आहे, आणि त्याने अनेकांना न्याय दिला हे मी नाकारत नाही. कोणाची ओळख नसलेली शिक्षिका अवघड क्षेत्रातून रस्त्यावरच्या गावात आली, हे त्याच पद्धतीमुळे. मग आक्षेप असा, की विवेकाचं कौतुक कशाला, चांगले नियम आणि निष्पक्ष यंत्र पुरे. याला उत्तर त्याच बदल्यांनी दिलं. संवर्ग ठरले तशी प्रमाणपत्रं आली आणि प्रमाणपत्रांबरोबर खोटी प्रमाणपत्रंही आली. अनेक जिल्हा परिषदांत तक्रारी झाल्या, फेरतपासण्या कराव्या लागल्या, आणि त्या करायला डॉक्टर लागले, अधिकारी लागले, माणसंच लागली. दुसऱ्या बाजूला, यादीत न बसणारं दुःख कितीही खरं असलं तरी त्याला रकाना नव्हता. यादी लांब केली की खोट्यांना वाट सापडते आणि आखूड ठेवली की खऱ्यांची अडते. लक्षणं अपार आहेत हा समर्थांचा इशारा प्रशासनाने असा अनुभवला. नियम आणि संगणक यांनी वशिला बराच कमी केला, हे त्यांचं खरं श्रेय. पण शेवटचं अपील ऐकणारा, लेखी कारण देऊन अपवाद करणारा आणि त्या कारणाखाली सही करणारा माणूस त्यांनी अनावश्यक ठरवला नाही. उलट त्याची गरज अधिक उघडी केली.

दुसरा आक्षेप याहून जड आहे आणि त्याला हलक्याने उत्तर देता येत नाही. माणसाच्या विवेकाचा एवढा भरवसा कोणाला वाटतो? ज्यांच्या वाट्याला त्या विवेकाचे फटके आले नाहीत त्यांना. चोखोबांचं जन्मगाव म्हणून ओळखलं जाणारं मेहुणाराजा जालना जिल्ह्याच्या सीमेला लागूनच, देऊळगाव राजा तालुक्यात आहे. त्या संताला पंढरपूरच्या देवळाच्या दारात थांबवलं ते माणसांच्या निवाड्याने. 1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून ते आणि इतर मजूर गाडले गेले, अशी परंपरा आहे. त्यांची समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, देवळाबाहेर आहे. आडनाव ऐकून कामावर घ्यायचं की नाही ठरवणारे डोळे आजही संपलेले नाहीत. मग ज्या यंत्राला आडनाव दाखवलंच नाही ते यंत्र दलित मजुराला अधिक न्याय देणार नाही का? काही बाबतीत देईल, आणि तिथे त्याला जरूर बसवावं: नावं झाकून गुण तपासणं, दोन सारख्या अर्जांना वेगळी वागणूक मिळाली का ते शोधणं, एकाच वस्तीतल्या मजुरांचे खाडे नेहमी जास्त का पडतात ते दाखवणं. यंत्राचा असा वापर मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यात तपासणी माणसाच्या निर्णयाची होते.

पण या आक्षेपाचा दुसरा भागही पाहायला हवा. विठ्ठलाच्या देवळाचा तो निवाडा शेवटी बदलला कसा? साने गुरुजी महिनोन्‌महिने महाराष्ट्र फिरले, लोकांशी बोलले आणि मे 1947 मध्ये पंढरपुरात उपोषणाला बसले. दहा दिवसांनी देऊळ सर्वांना खुलं झालं. उपोषणाचं शस्त्र चाललं, कारण समोर माणसं होती. त्यांना लाज वाटू शकत होती, त्यांच्यावर लोकमताचं दडपण येऊ शकत होतं, त्यांचं मन पालटू शकत होतं, आणि काल आपण चुकलो असं ते म्हणू शकत होते. माणसाचा विवेक भ्रष्ट होतो तसा तो जागाही होतो. ॲपसमोर उपोषणाला बसता येत नाही. निर्णय यंत्राने घेतला असं सांगून अधिकारी बाजूला झाला, की अन्यायाविरुद्ध उभं राहायला जागाच उरत नाही. आंबेडकरी चळवळ असो की सत्यशोधक, महाराष्ट्रातल्या प्रत्येक सुधारणेने कोणा ना कोणा माणसाला जाब विचारला. जाब विचारण्याची ही जागा ज्यांना सगळ्यांत जास्त लागते, त्यांच्याच हातून ती काढून घेतली तर तो नवा अन्याय होईल, मग त्याला निष्पक्षपणाचं नाव दिलं तरीही.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: एवढी माणसं आणायची कुठून? एका जागेला हजारो अर्ज येतात, एका जिल्ह्यात रोज हजारो मजूर कामावर असतात. खरं आहे. म्हणून मी मोजणी, जुळवणी, आठवण आणि शोध ही सगळी कामं निःशंकपणे यंत्राला देईन. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची जी पाच कारणं सांगितली आहेत, त्यांत कर्ता वेगळा आणि करण, म्हणजे साधन, वेगळं सांगितलं आहे. करण कितीही तीक्ष्ण झालं तरी कर्माचं फळ कर्त्याला चिकटतं. आपल्याकडे उलटं घडतंय: करणाला कर्ता ठरवून कर्ता मोकळा होतोय. शिवाय नुसता ‘माणूस मध्ये ठेवला’ म्हणून भागत नाही. ज्याला दिवसाकाठी शेकडो फोटो ठीक म्हणायचे आहेत, यंत्राविरुद्ध गेला तर ज्याच्याकडे खुलासा मागितला जातो आणि यंत्राबरोबर गेला तर कोणी काही विचारत नाही, त्याचा विवेक महिनाभरात झोपी जाईल. त्याला वेळ हवा, खाडा खोडण्याचा खरा अधिकार हवा, प्रसंगी जागेवर जाण्याची मुभा हवी. सगळे निर्णय त्याच्यापुढे यायला नकोत. ज्या निर्णयाने कोणाची मजुरी, नोकरी किंवा संधी जाते तेवढेच यावेत. हजेरी लागली तर ती यंत्राने लावावी. खाडा मात्र माणसाच्या सहीशिवाय पडू नये. हजेरीच्या बाबतीत तरी संख्येचा आक्षेप एवढ्याने बराचसा विरतो, कारण खाड्याचे प्रसंग एकूण हजेरीच्या मानाने थोडे असतात.

युरोपीय संघाने 2024 मध्ये केलेल्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कायद्यात भरती, बढती आणि नोकरीवरून काढणं यांसाठी वापरली जाणारी यंत्रं उच्च जोखमीची मानली आहेत आणि त्यांच्यावर माणसाची देखरेख बंधनकारक केली आहे. आपल्याकडे डिसेंबर 2025 मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीचा नवा कायदा केला. त्याने कामाचे दिवस 100 वरून 125 केले, आणि त्याच कायद्यात बायोमेट्रिक ओळख, मोबाइलवरची देखरेख आणि गैरव्यवहार हेरण्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता यांनाही जागा दिली. म्हणजे आजवर फोटो साठवणारं यंत्र उद्या कोणता मजूर संशयास्पद हेही सांगू लागेल. ते सांगू लागण्याआधी गावांनी आपली अट घालायला हवी, आणि अट घालण्याची जागा ग्रामसभा आहे. हसनाबादच्या आणि शेजारच्या गावांतल्या वाचकांना माझं सांगणं आहे: पुढच्या ग्रामसभेत ठराव मांडा. मजुराचा खाडा पडला तर त्याचं कारण त्याच दिवशी त्याला मराठीत कळावं. तो खाडा खोडू शकणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि पद कामाच्या जागेवर फलकावर लिहिलेलं असावं. तो अधिकारी जिल्ह्याला नव्हे, तालुक्याच्या आत असावा. मुकादमाची आणि दोन सहकारी मजुरांची साक्ष पुरावा म्हणून धरली जावी. आणि खाडा खोडण्याच्या अर्जाचा निकाल मजुरीचं बिल निघण्याआधी लागावा. ठरावाची नक्कल भोकरदनला पंचायत समितीत आणि तहसील कार्यालयात द्या, आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.